प्रतिस्पर्धी हवा तोडीचा!

काही महिन्यांपूर्वी साताऱ्यात एका शालेय बुद्धिबळ स्पर्धेला जाण्याचा योग आला. सभागृहाबाहेर पालकांची गर्दी होती. कुणाच्या हाती पाण्याची बाटली, कुणाच्या हाती डबा, आणि सर्वांच्या नजरा भिंतीवरच्या फलकाकडे. पुढच्या फेरीच्या जोड्यांची यादी फलकावर लागली, तसे एका गृहस्थांचे तोंड उतरले. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलासमोर सांगलीचा एक मुलगा आला होता आणि त्याच्याकडून तो यापूर्वी तीनदा हरला होता. गृहस्थ पंचांकडे गेले आणि जोडी बदलता येईल का, असे त्यांनी विचारले. अर्थातच नकार मिळाला. तेव्हा ते मुलाजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "पोटात दुखतंय म्हणून सांग. उगाच गुण जातील."

मुलगा क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, "बाबा, मला खेळायचंय."

तो खेळला आणि चौथ्यांदा हरला. परंतु खरी गोष्ट त्यानंतर घडली. दोघे मुलगे व्हरांड्यात फरशीवर पट मांडून बसले आणि नुकताच संपलेला डाव पुन्हा मांडू लागले. "इथे तू घोडा मागे घेतलास ना, तिथेच मला वाट मिळाली," सांगलीचा मुलगा सांगत होता. साताऱ्याचा मुलगा मान डोलावत होता. इतक्यात वडील आले, मुलाचा हात धरून त्यांनी त्याला उठवले आणि चालता चालता बजावले, "आपल्या चाली त्याला सांगत बसू नकोस."

ते गृहस्थ वाईट नव्हते. रजा टाकून, पदरमोड करून, पहाटेच्या एस.टी.ने मुलाला गावोगावी नेणारा तो एक कष्टाळू बाप होता. त्यांच्यासारखे पिता आणि माता आज आपल्या प्रत्येक गावात आहेत. मुलाच्या गुणांची चोख काळजी घेणाऱ्या या पालकांना एक गोष्ट मात्र उमगलेली नाही. ज्या मुलापासून ते आपल्या मुलाला दूर ओढत होते, तोच त्या दिवशी त्याचा सर्वांत मोठा शिक्षक होता, आणि तोही विनामूल्य!

जोडीवाचून कुस्ती नाही

वास्तविक सातारा-सांगलीच्या माणसाला ही गोष्ट नव्याने सांगावी लागू नये. कृष्णाकाठची ही भूमी तालमींची आहे. तालमीत वस्ताद असतो, खुराक असतो, मेहनत असते. पण 'जोड' नसेल तर मल्ल घडत नाही. जोड म्हणजे तोलामोलाचा प्रतिमल्ल. दुबळ्यांना चीत करून कुणी पैलवान झाल्याचे ऐकिवात नाही. मैदानातही गर्दी उसळते ती जोड तोडीची असेल तेव्हाच.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा परदेशी मल्लांशी, गादीवरच्या कुस्तीत, परक्या नियमांनी झुंजण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांना सहाव्या स्थानावर समाधान मानावे लागले. परंतु लंडनच्या पराभवांनी आपण कोठे उणे पडतो, हे त्यांना दाखवून दिले. चारच वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लंडनमध्ये हरावे लागू नये म्हणून खाशाबा घरीच बसते, तर हेलसिंकी घडलेच नसते.

बुद्धिबळ हीदेखील कुस्तीच आहे. 'चतुरंग' या नावाने जो खेळ या देशात जन्मला, त्याच्या नावातच हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सेनेची चार अंगे आहेत. मात्र या युद्धात रक्त सांडत नाही, आणि डाव संपल्यावर दोन्ही बाजूंचे मोहरे एकाच पेटीत जातात. प्रतिस्पर्ध्याकडे कसे पाहावे, याचा याहून सोपा धडा नाही.

सांगलीचा वारसा

भारतातील महिला बुद्धिबळाचा आरंभीचा इतिहास म्हणजे थोर स्पर्धेचाच इतिहास आहे आणि त्याचे धागे सांगलीशी जुळलेले आहेत. १९७४ साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. पहिली विजेती ठरली वासंती खाडिलकर. पुढचे दशकभर हे विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींच्या घरातच राहिले. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या कन्या. ज्या नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'नवाकाळ' सुरू केला, ते त्यांचे पणजोबा, आणि नाट्याचार्यांचा जन्म सांगलीचा.

एकाच घरातल्या तीन बहिणी, तिघीही विजेतेपदाच्या मानकरी. घरी एका ताटात जेवायचे आणि पटावर एकमेकींना तसूभरही सूट द्यायची नाही, हे किती अवघड असेल याचा विचार करावा. परंतु त्यातूनच तिघी वाढल्या. रोहिणीने १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश केला तेव्हा मोठी खळबळ उडाली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष, माजी विश्वविजेते मॅक्स युवे यांना निर्णय द्यावा लागला, की स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांतून वगळता येणार नाही. त्या मुलीची मागणी तरी काय होती? मला अधिक बलवान प्रतिस्पर्धी हवेत, एवढीच! १९८१ मध्ये तीच रोहिणी आशियाई विजेती झाली.

या घराण्याची सद्दी मोडणारी मुलगीही सांगलीच्याच मातीतली होती. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून सांगलीत जी परंपरा उभी केली, तिच्यात भाग्यश्री साठे घडली. १९८५ साली ती राष्ट्रीय विजेती झाली. पुढे भाग्यश्री ठिपसे या नावाने तिने हे अजिंक्यपद एकंदर पाच वेळा मिळवले आणि १९९१ मध्ये आशियाई अजिंक्यपदही पटकावले. याच काळात मुंबईची अनुपमा अभ्यंकर, म्हणजेच पुढची अनुपमा गोखले, तिच्यासमोर उभी होती. अनुपमाने १९८५ आणि १९८७ अशी दोनदा आशियाई स्पर्धा जिंकली आणि राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली तीही पाचच! दोघींनाही पद्मश्री मिळाली, दोघींनाही अर्जुन पुरस्कार मिळाला. एकीच्या वाटेत दुसरी नसती, तर एकीच्या नावावर कदाचित आठ-नऊ विजेतेपदे लागली असती. पण त्या विजेतेपदांना तेवढे मोल राहिले असते काय? आधी खाडिलकर भगिनी, मग भाग्यश्री आणि अनुपमा, पुढे सांगलीचीच स्वाती घाटे, अशा पिढ्यांनी एकमेकींच्या खांद्याला खांदा घासूनच महाराष्ट्राचा दबदबा निर्माण केला.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा पटाच्या दोन्ही बाजूंना भारताच्याच कन्या बसल्या होत्या. एकीकडे ३८ वर्षांची कोनेरू हंपी आणि दुसरीकडे नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख. पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि दिव्याने जलद डावांत बाजी मारली. विश्वचषकाबरोबरच तिला 'ग्रँडमास्टर' हा किताबही मिळाला. हंपीने हा किताब २००२ सालीच मिळवला होता, म्हणजे दिव्याच्या जन्माआधी. दिव्यासारख्या मुलींपुढे लहानपणापासून उंचीची खूण म्हणून उभी होती ती हंपीच.

विश्वविजेत्यांची शाळा

जगाच्या पटावरही हेच दिसते. सोव्हिएत विश्वविजेता मिखाईल बोटविनिक १९६० साली तरुण मिखाईल ताल याच्याकडून साडेबारा-साडेआठ असा पराभूत झाला. तालच्या वादळी हल्ल्यांपुढे बोटविनिकचे युग संपले, असेच सर्वांना वाटले. परंतु बोटविनिकने स्वतःच्या पराभवांची निर्ममपणे चिकित्सा केली. गुंतागुंतीच्या, उघड्या झुंजीत ताल भारी आहे. मात्र मोहरे कमी झाल्यावर, शांत स्थितीत, तो आपल्याला पेलवतो, हे त्याने हेरले. तो स्वतःच्या तयारीची फेरआखणी करून परतला आणि १९६१ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १३-८ असा जिंकला. तालची प्रकृती तेव्हा ठीक नव्हती, हेही खरे. पण अभ्यासाची तयारी नसती, तर केवळ प्रतिस्पर्ध्याच्या आजारपणाने विजय मिळाला नसता.

कार्पोव आणि कास्पारोव यांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. सप्टेंबर १९८४ मध्ये मॉस्कोत सामना सुरू झाला. प्रथम सहा डाव जिंकेल तो विजेता, असा नियम होता. नऊ डावांनंतर कार्पोव ४-० ने पुढे होता, सत्तावीस डावांनंतर ५-०. एकवीस वर्षांच्या कास्पारोवला आता एकही पराभव परवडणार नव्हता. त्याने धसमुसळेपणा सोडला, बरोबरीमागून बरोबरी साधली आणि खेळता खेळता कार्पोवकडूनच बचावाची कला उचलली. बत्तिसावा डाव त्याने जिंकला. पुढे सत्तेचाळिसावा आणि अठ्ठेचाळिसावाही जिंकला. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी सामना निर्णयाविना थांबवण्यात आला. त्याच वर्षी नव्याने झालेल्या सामन्यात कास्पारोव विश्वविजेता झाला. मॉस्कोतले अठ्ठेचाळीस डाव हीच त्याची खरी शाळा होती, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

या दोघांत १९८४ ते १९९० या काळात विश्वविजेतेपदाचे पाच सामने झाले. एकूण डाव १४४. त्यांपैकी कास्पारोवने जिंकले २१, कार्पोवने १९ आणि बरोबरीत सुटले १०४! इतकी वर्षे झुंजून अंतर केवळ दोन डावांचे. त्यांच्यात सख्य नव्हते, कटुता पुष्कळ होती. तरीही २००७ साली कास्पारोवला मॉस्कोत राजकीय निदर्शनांमुळे तुरुंगात टाकण्यात आले, तेव्हा त्याची भेट घेण्यासाठी कार्पोव तुरुंगाच्या दारापर्यंत गेला. भेट नाकारली गेली, हा भाग वेगळा. २०१० मध्ये कार्पोव जागतिक संघटनेच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला, तेव्हा कास्पारोवने त्याचा प्रचार केला. ज्याच्याशी १४४ वेळा प्रामाणिक झुंज दिली, त्याच्याविषयी मनाच्या तळाशी आदर उरतोच.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. १९७२ मध्ये रिक्याविक येथे अमेरिकेचा बॉबी फिशर पहिला डाव हरला आणि दुसऱ्याला आलाच नाही. विश्वविजेता स्पास्की २-० असा पुढे होता. त्याने मनात आणले असते, तर तो तसाच मायदेशी परतू शकला असता. परंतु तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, आतल्या खोलीत खेळण्याची फिशरची अट त्याने मान्य केली. फिशरने तो डाव जिंकला. सहाव्या डावात फिशरचा खेळ पाहून पराभूत स्पास्की स्वतः प्रेक्षकांसह टाळ्या वाजवू लागला. फिशर विश्वविजेता झाला. आणि पुढे? १९७५ मध्ये कार्पोवशी सामना ठरला असता अटींच्या वादात फिशरने खेळण्यासच नकार दिला आणि विजेतेपद न खेळता गमावले. त्यानंतर जवळजवळ दोन दशके तो जाहीरपणे पटावर बसला नाही. १९९२ मध्ये परतला, तो पुन्हा जुन्या स्पास्कीशीच खेळायला. सामना हरूनही स्पास्की मोठा ठरला. विजेता फिशर मात्र प्रतिस्पर्धी नाकारून विझत गेला. सांगलीच्या मुलाला टाळू पाहणाऱ्या प्रत्येक पालकाने या दोघांची तुलना करावी.

आपल्या विश्वनाथन आनंदने पहिला मार्ग निवडला. १९९५ मध्ये न्यूयॉर्कला कास्पारोवशी झालेल्या सामन्यात पहिले आठ डाव बरोबरीत गेले आणि नववा आनंदने जिंकला. पण पुढच्या पाच डावांत चार पराभव पदरी आले आणि सामना साडेदहा-साडेसात असा हातून गेला. आनंद खचला नाही. पुढे तो विश्वविजेता झाला आणि २००८ मध्ये बॉन येथे त्याने क्रामनिकला नमवले. दोन वर्षांनी सोफियात टोपालोवशी त्याची गाठ पडली, तेव्हा पूर्वतयारीत त्याला मदत करणाऱ्यांत तीन नावे होती : कास्पारोव, क्रामनिक आणि कार्लसन. एकाने त्याला हरवले होते, दुसऱ्याला त्याने हरवले होते आणि तिसरा २०१३ मध्ये त्याचे विजेतेपद घेणार होता! ज्याने वैर धरले नाही, त्याच्या पाठीशी प्रतिस्पर्धीच उभे राहिले. त्याच आनंदने पुढे नव्या मुलांना हाताशी धरले. त्यांतल्या गुकेशने २०२३ मध्ये भारताचा अव्वल खेळाडू हे आनंदचे स्थान घेतले आणि डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला तो वयाच्या अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला. चीनच्या डिंग लिरेनविरुद्धचा तो सामना गुकेशने पहिला डाव हरून सुरू केला होता, हे विसरू नये.

गुणांची भीती किती खरी?

"हे सगळे ठीक, पण मानांकनाचे गुण जातात त्याचे काय?" असा प्रश्न पालक विचारतील. त्याचेही उत्तर गणितातच आहे. जागतिक संघटनेच्या पद्धतीत अठरा वर्षांखालील, २३०० च्या आतील मानांकनाच्या खेळाडूसाठी गुणक ४० धरला जातो. तुल्यबळाशी जिंकलात तर २० गुण वाढतात, हरलात तर २० कमी होतात. प्रतिस्पर्धी ४०० गुणांनी वरचढ असेल, तर हरल्यावर सुमारे ३ गुण जातात आणि जिंकल्यास सुमारे ३७ मिळतात. याउलट, तेवढ्याच दुबळ्या खेळाडूशी खेळलात, तर मिळण्याजोगे ३ आणि गमावण्याजोगे ३७! म्हणजे बलवानाला टाळून दुबळ्यांत रमणे हा हिशेबानेही आतबट्ट्याचा व्यवहार आहे. बरोबरीच्या खेळाडूकडून गेलेले वीस गुण ही त्या शिकवणीची फी समजावी. वर्षभरात ती व्याजासह परत मिळते.

यासाठी काही साध्या गोष्टी प्रत्येक खेळाडूला करता येतील. ज्याच्याकडून आपण वारंवार हरतो, त्याच्याशी झालेल्या डावांची एक वेगळी वही ठेवावी. आपण कोठे चुकतो, सुरुवातीला, मध्यावर की अखेरीस, हे तिसऱ्या-चौथ्या डावानंतर आपोआप दिसू लागते. जी सुरुवात तो आपल्यावर यशस्वी करतो, ती आठवडाभर आपण स्वतः खेळून पाहावी. तिची मर्मस्थाने त्याशिवाय कळत नाहीत. आणि डाव संपल्यावर, हार असो वा जीत, हात मिळवून दोघांनी मिळून तो पुन्हा मांडावा. संगणक अचूक चाल सांगतो. पण समोरच्याला त्या क्षणी कशाची भीती वाटत होती, हे केवळ समोरचाच सांगू शकतो.

संस्थाचालकांसाठीही एक सूचना आहे. आज आपल्या बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. कमी वेळात शेकडो मुले खेळू शकतात, हा तिचा मोठा गुण. मात्र त्यात एका स्पर्धेत तेच दोघे पुन्हा समोरासमोर येत नाहीत. पराभवातून शिकून दुसऱ्या दिवशी त्याच प्रतिस्पर्ध्याला सामोरे जाण्याची संधी तिथे नाही. ती संधी मिळते सामन्यात. म्हणून तर विश्वविजेतेपदाचा निर्णय दोघांच्या दीर्घ सामन्याने होतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी वर्षातून एकदा निवडक मुला-मुलींचे सहा-सहा डावांचे सामने भरवावेत. तीन डाव साताऱ्यात, तीन सांगलीत. पाहुण्या मुलाने यजमान मुलाच्या घरी उतरावे, तिथेच जेवावे. त्याला फार खर्च नाही. दोन सभागृहे, काही पट, घड्याळे आणि मोठ्या मनाची काही घरे एवढेच लागेल.

साताऱ्याहून सांगलीकडे जाताना वाटेत कराड लागते. तेथे कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकाच पात्राने पूर्वेकडे वळतात. त्या जागेला लोकांनी रणसंगम म्हटले नाही, प्रीतिसंगम म्हटले.

फरशीवर पट मांडून बसलेल्या त्या दोन मुलांना हे आधीच समजले होते. पुढच्या वेळी ते तसे बसलेले दिसले, तर त्यांना उठवू नये. शक्य झाल्यास शेजारी बसून दोघांनाही डब्यातला घास द्यावा.